मनकर्णाचा आवाज अन् इटलीची बाई

कार्तिक शुद्ध ७, सन १९३४

सगळ्यात आधी भुरीबाई हजर, बोलावणं नसताना! कापसाच्या जीनवाल्या जमशेद शेठच्या ओसरीवर चावीचा बाजा लागणार, हे शेजारणीले कोणी सांगतलं देव जाणे. मी नात मनकर्णाले घेऊन पोचली, तोवर पुढची जागा गेली.

तबकडी फिरली अन् बाई गायली. इटलीची, लय नावाजलेली म्हणे. शब्द एक कळला नाही. पण सूर चढला, चढला, अन् तिथं वरच उभा राह्यला! माझाच दम अडकला. भुरीबाई म्हणे, "कोणी मारून राह्यलं का तिले?"

शेठ लय हसले. म्हणे, तिकडं आख्खं नाटक गाऊन करतात. पुढं वाजंत्र्याइचा हा मोठा ताफा, आवाज वाढवायले भोंगा नाही, काही नाही. अन् ओरडायचं नाही! खरी कसोटी हळू सुराची — हळू म्हणायचं, तरी शेवटच्या बाकावर पोचलं पाहिजे. त्याच्यापायी वर्षंवर्षं नुसता श्वास शिकतात.

मी मनकर्णाकडं पाह्यलं. मचाणावरून हिनं पाखरं हाकलली तर पलीकडच्या वावरातली उडतात. त्याच आवाजापायी रिसोडचं स्थळ मोडलं. "पोरगी नाही, भोंगा आहे," म्हणे. मेले!

शुद्ध ९

बारशीले, म्हंजे द्वादशीले, धनजचे पाहुणे मनकर्णाले पाहाले येतात. तिथं पोराच्या आजीचा शब्द चालते. माझा रामराव लेकीले म्हणे, तोंडातल्या तोंडात बोल. पोट्टी नाव पुटपुटून राह्यली — त्याच्यापेक्षा मच्छर बरा!

मी तिले चुलीपाशी नेलं. म्हटलं, श्वास पोटातून घे. हळूच बोल, पण गोठ्यातल्या गाईले कळलं पाहिजे.

शुद्ध १०

पुन्हा शेठकडं. मनकर्णा म्हणे, बाई श्वास कुठं घेते तेच सापडत नाही. दोघी तबकडीले कान लावून बसलो. शेंगदाणे खाल्ले.

शुद्ध १२

पाहुण्यांनी नाव विचारलं. पोट्टीनं श्वास घेतला, मान खाली, हळूच — "मनकर्णा रामराव." गोठ्यात गाईनं मान वर केली!

पोराची आजी गोजराबाई दारापाशी बसली होती, कोणाशी बोलणं नाही की चालणं नाही. ती म्हणे, "अजून एकदा सांग, माय." पोट्टीनं सांगतलं. बुढी उठली अन् बैलगाडीत जाऊन बसली. रामराव म्हणे, "घ्या, हेही स्थळ गेलं!"

शुद्ध १३

पोराचा बाप, उकंडराव, सकाळीच परत आला. मायचा निरोप घेऊन — "कान गेले तवापासून सारे माझ्यावर ओरडतात. न ओरडता ऐकू आली ती हीच." गुरुवारी कुंकू लावायले येतो म्हणाला.