ट्रॅक्टर चालू झाला का?

ता. ४ मे

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

कॉलेज सोडल्याबद्दल तू पत्रातून चार शब्द सुनावलेस. अप्पांनी त्याचे आधीच चाळीस केले होते, तेव्हा आता पुरे. मी शेडमधला जुना ट्रॅक्टर उघडलाय. इंजिन जाम आहे, पिस्टन आतल्या आत गंजून चिकटलेत. शेजारचे फोरमनकाका म्हणाले, इंजिनच्या वरच्या भोकांतून तेल आणि रॉकेल ओत, रोज सकाळी पान्याने हलवून बघ आणि गप्प बस. जोर करायचा नाही. गप्प बसणं सोडून दुसरं काहीही सांगा म्हटलं, तर हसले.

खरी गोष्ट तुलाच सांगतो. कंपाउंडरकाकांची मुलगी महिनाअखेरीस नर्सिंग शिकायला तुमच्याच शहरात येतेय. मी तिला मनातलं बोलून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, टायपिंग सोडलंस, नाटकमंडळी सोडलीस, कॉलेज सोडलंस. एक काम तरी तडीला ने, मग पत्ता देते. ती जायच्या आत हा चालू झाला नाही तर मी संपलो.

लोभ आहेच, तो कॉलेजपायी कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १२ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

‘मी संपलो’ वाचून तुझे भावजी चहा सांडेपर्यंत हसले. मी नाही हसले. मुलगी शहाणी दिसते. नाही म्हणाली नाही, एवढं तरी ध्यानात घे. इथे आली की तिला घरी जेवायला बोलावते.

फोरमनकाकांचं ऐक. कुलपात किल्ली अडकली की तू किल्लीच मोडायचास. डोक्यात राख घालून घेऊ नकोस, आणि वेळेत नाहीच झाला तर तिला सरळ सांग. अप्पांना जप. तो ट्रॅक्टर त्यांनी आईला मडगार्डवर बसवून घरी आणला होता. आई गेल्यावर त्यांनी त्याला हात लावला नाही.

खातपीत जा, उत्तर लगेच टाक.

तुझी,
ताई


ता. १ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला हवं होतं. हे वाक्य मी तुला किती वेळा लिहिलं असेल.

ती जायच्या आदल्या दिवशीही इंजिन केसभर हललं नव्हतं. मी गिरणीवाल्याचा ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली, आपला टॉप गिअरमध्ये टाकला आणि ओढ म्हटलं. चाकं नुसती फरफटत होती. तो नको म्हणत होता, मी अजून जोरात म्हटलं. मग आतून एकच आवाज आला. पिस्टनचा रॉड मोडून इंजिनचं अंग फोडून बाहेर आला होता. भोकातून माझी मूठ आत गेली. मी वर गिरणीवाल्यावरच ओरडलो. तो बिचारा साखळी तिथेच टाकून निघून गेला.

अप्पा आले. शिव्यांची वाट बघत मी उभा राहिलो. त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, खाली पडलेले तुकडे टपात गोळा केले आणि जेवायला चल म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर घास तरी गिळता आला असता.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरकाकांच्या पाठीत उसण भरली होती, म्हणून तिची ट्रंक अप्पांनी आणि मी स्टेशनवर नेली. सरळ सांगायचं असं ठरवून गेलो होतो. खिडकीतून तिनं विचारलं, चालू झाला का. ताई, माझं तोंडच उघडेना. ती बघत राहिली. मग अप्पाच म्हणाले, झाला की, कालच. फाटकापर्यंत नेऊन आणला यानं. खोटं बोललो म्हणून ज्यांनी मला दिवसभर अंगणात उभं केलं होतं, ते अप्पा. तिचा चेहरा असा काही फुलला, की नंतर मला काहीच करता येईना. तिनं पत्ता लिहून दिला. गाडी सुटली.

परतताना मी म्हटलं, कशाला सांगितलंत असं. ते म्हणाले, मी थांबलो होतो बराच वेळ, तू बोलशील म्हणून.

आता ती तुझ्याकडे जेवायला येईल आणि ट्रॅक्टरचं कौतुकानं सांगेल. खरं सांगितलंस तर अप्पा खोटे ठरतात. गप्प राहा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तीन कागद फाडले, तिला पहिली ओळसुद्धा लिहून होत नाही.

जमलं तर लोभ ठेव.

तुझा,
धाकटा