झाडाकडे न बघण्याचं शिक्षण

तीर्थरूप आत्याच्या चरणी (दुखरा गुडघा तेवढा वगळून) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तसं कारण काहीच नाही. चार दिवसांत तुझी खुशाली कळली नाही म्हणून आपलं सहज. गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की तो अजून खिडकी आपटू नये म्हणून खिडकीलाच बांधलेला आहे? शेजारच्या काकूंशी बोलणं सुरू झालं का? (माझ्याशी कधी सुरू होणार, असं मी विचारत नाहीये. मी मोठा झालोय, मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही.) फोन केला की तू माझा आवाज ऐकतेस, ‘राँग नंबर’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. पण आत्या, राँग नंबरला आधी ‘जेवलास का’ असं कुणी विचारत नाही, एवढं फक्त लक्षात असू दे.

इकडे सगळं उत्तम चाललंय. येत्या रविवारी सकाळी मोठे परीक्षक येताहेत, हे तुला ठाऊक आहेच. डोंगरउतारावर सायकल शिकवणारा मास्तर म्हणून मला पक्कं करायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार. त्यांची अट ऐकायला साधी आहे. तयार सायकलस्वारांना कुणीही शिकवील. माझ्या वर्गात धीट, भित्रे, नवे, जुने सगळे हवेत, आणि त्या सगळ्यांनी टेकडीवरून निघून, खालचं ते वाकड्या झाडाचं वळण घेऊन, पाय जमिनीला न टेकवता सपाटीवर यायला हवं. शेवटी मी. जमलं तर टेकडी माझी. नाही जमलं तर दादाचं गाद्यांचं दुकान. दादाने गल्ल्याशेजारी माझ्यासाठी आत्तापासूनच जागा मोकळी केलीय आणि तिथे दोन उशाही मांडून ठेवल्यात. भेटला की पाठीवरून हात फिरवून म्हणतो, काळजी करू नकोस, पडायचंच आहे तर गादीवर पड. मला ते दुकान नकोय, आत्या. कापसाने मला शिंका येतात, आणि टेकडीवर असलो की तेवढा वेळ मी कुणाचा धाकटा भाऊ नसतो.

माझ्या चार विद्यार्थ्यांची तुझी ओळख मागच्या रविवारी झालीच, पण तेव्हा ते सगळे तुझ्या पायाशी आडवे असल्यामुळे मला ती नीट करून देता आली नाही. ती आता करून देतो. दाताचे डॉक्टर ते, ज्यांची सायकल भिंतीला टेकलेली असतानासुद्धा पळत असल्यासारखी दिसते. त्यांनी या विषयावरचे सगळे व्हिडिओ पाहिलेत आणि गुडघ्याला, कोपराला, पाठीला मिळून इतकी कवचं घातलीत की आत माणूस कितीसा उरतो कोण जाणे. त्यांचे बूट पेडलला खटकन अडकतात. अडकतात ते चांगलंच, पण सुटत नाहीत. त्यामुळे डॉक्टर थांबले की पडतात, आणि पडता पडता ते का पडताहेत हे समजावून सांगतात. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सांगितलेलं तंतोतंत पाळतात. उतारावर कोपरं बाहेर आणि गुडघे सैल ठेवा असं मी एकदा म्हणालो, तर बाई आता भाजी आणायलाही तशाच जातात म्हणे. दोष एकच, शंका आली की हात वर करतात. उतारावर, चालत्या सायकलवर, ब्रेकचाच हात. पोस्टमनकाकांची हयात सायकलवर गेली, पण माणूस दिसला की त्यांचा पाय आपोआप पेडलवरून जमिनीवर उतरतो. त्याला काकांचा स्वतःचाही इलाज नाही. आणि चौथी तुफान. ही बँकेत कॅशियर आहे. काउंटरवर हिच्यापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची दाढी वाढते, पण सायकलवर बसवली की ब्रेक दाबणं हा तिला स्वतःचा अपमान वाटतो.

आता मागच्या रविवारबद्दल. (उकरून काढतोय असं समजू नकोस. पण तू सगळ्या नातेवाइकांना जी हकीकत सांगत फिरतेस, तिच्यात मी तुला हाताला धरून टेकडीवरून हाकललं असं येतं, म्हणून माझीही बाजू कुठेतरी कागदावर असावी.) तू कौतुकाने आलीस, मला बरं वाटलं. तू घडीची खुर्ची, ती पिवळी छत्री, डबा आणि अर्धा विणलेला स्वेटर घेऊन आलीस, तरीही बरं वाटलं. पण अख्ख्या टेकडीवर तुला सावली सापडली ती नेमकी वळणावरच्या त्या झाडाखाली! आणि तिथे तू गप्प बसली असतीस तर एक वेळ चाललं असतं. तू वरून येणाऱ्या प्रत्येकाला हाका मारत होतीस. अहो, पाठ सरळ! अगं, जेवण जात नाही का तुला? परिणाम तू पाहिलासच. हेडबाई वळायच्या सोडून सरळ तुझ्यापाशी आल्या आणि टाका उलटा आहे की सुलटा, हे विचारायला त्यांनी हात वर केला. पोस्टमनकाका उतरले आणि सवयीने सही घ्यायला हात पुढे करून उभे राहिले. डॉक्टर थांबले, म्हणून पडले, आणि तू त्यांना ‘आ करा बघू, दात शाबूत आहेत ना’ असं म्हणालीस, ते त्यांना अजून लागून राहिलंय. तुफान आली तेव्हा स्वेटर तिच्या पुढच्या चाकात गेला आणि पुन्हा लोकर होऊन बाहेर आला. तेव्हा माझं डोकं फिरलं. परीक्षा तोंडावर आलेली आणि माझा वर्ग आत्याच्या पायाशी लोळतोय! मी सगळ्यांदेखत म्हणालो की तू इथे असलीस की कुणाचं लक्ष ठिकाणावर राहत नाही, तू आपली घरी बस. छत्री मिटलीस आणि गेलीस. तू भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

असो. तू गेल्यावर मी शिकवण्याकडे जोमाने लक्ष दिलं. आमच्या विद्येचा पाया असा, की नजर जिथे जाते तिथे सायकल जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात, वाटेकडे बघाल तर वाटेने. हे इतकं खरं आहे की यावर सगळा धंदा उभा आहे. म्हणून मी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि बजावलं की काहीही झालं तरी त्या झाडाकडे बघायचं नाही. हेडबाईंचा हात वर. कुठल्या झाडाकडे बघायचं नाही ते स्पष्ट करा, तिथे दोन-तीन आहेत. शंका रास्त होती. म्हणून मी खाली गेलो आणि ज्या झाडाकडे बघायचं नाही त्याला एक लालभडक फडकं बांधून आलो. (हसू नकोस. त्या वेळी ते फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं.) त्या दिवशी चौघंही त्या फडक्यावर अशी गेली, जणू तिथे नेम धरायची स्पर्धा होती. पोस्टमनकाकांच्या वाटेत त्या दिवशी माणूस नव्हता, त्यामुळे ते प्रथमच न उतरता थेट झाडापर्यंत पोहोचले, आणि त्यांना उलट प्रगती झाल्यासारखं वाटलं.

मग कुणाचं हाड मोडू नये म्हणून मी झाडाला गादी बांधायची ठरवलं. ती आणायला कुठे जावं लागलं असेल, ते तुला सांगायला नकोच. दादाने उत्तम प्रतीची गादी निवडून दिली, वर स्वतः बांधायला आला, आणि गाठ मारताना म्हणाला, बघ, शेवटी तुझं पोट गादीच भरणार. गादीने एक गोष्ट झाली. झाडाची भीती गेली. भीती गेल्यावर माणसं झाडाकडे आनंदाने बघू लागली. तुफान म्हणते, सबंध शिक्षणात तिला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. डॉक्टरांनी तर गादीवर आदळताना खांदा कसा ठेवावा याचं छोटंसं व्याख्यान दिलं, आणि हेडबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

यावर तोड म्हणून मी वळणापलीकडे, सपाटीवर, एक निळी बादली ठेवली. झाड विसरा, बादलीकडे बघा! पण बादलीकडे कोण बघणार? बादली कुणाला हाक मारत नाही. तिच्यापर्यंत नजर पोहोचायच्या आधी गादी येते. शेवटी मी म्हणालो, थांबा, मी करून दाखवतो, माझ्याकडे नीट लक्ष द्या. आणि उतारावर ती खरंच लक्ष देताहेत ना हे बघायला मी मान मागे वळवली. गादी चांगली आहे, आत्या. दादा माल खोटा ठेवत नाही, एवढं मान्य करावं लागेल. मी त्यांना सांगितलं की चूक कशी दिसते ते मुद्दाम दाखवलं. हेडबाईंनी तेही वहीत लिहून घेतलं.

तर एकूण सगळं झकास आहे, वर्गात उत्साह आहे आणि तू आमची अजिबात काळजी करू नकोस. आम्ही तुझ्याविना व्यवस्थित आहोत. गुडघ्याला जप, पट्टा खिडकीचा काढून गुडघ्याला लाव. थोरांना नमस्कार, आणि तुझ्या घरात तुझ्याहून थोर कुणी नसल्यामुळे तोही तूच ठेवून घे.

तुझा आज्ञाधारक (इथे हसलीस तरी चालेल)
भाचा

ता. क. तुझी घडीची खुर्ची टेकडीवरच राहिलीय. ती मी आणून दिली असती, पण सायकलवर बांधली की आपोआप उघडते. तेव्हा तूच येऊन घेऊन जा. रविवारी सकाळी आलीस तर बरं पडेल. परीक्षकही त्याच वेळी येताहेत, हा निव्वळ योगायोग समज.

ता. क. २. योगायोग नाही. आत्या, अजून एकालाही ते वळण जमलेलं नाही. एकदाही नाही. काल सगळी गादीला टेकून दम खात बसली होती, तेव्हा हेडबाईंनी हात वर केला (सायकल उभी होती) आणि म्हणाल्या, सर, त्या दिवशी आम्ही आत्याबाईंपाशी मात्र अगदी अचूक पोहोचलो होतो, नाही का? सगळ्यांनी वळणाकडे बघितलं. मीही. खरंच, चौघांपैकी एकानेही तुला चुकवलं नव्हतं. तुझ्याइतकं नजरेत भरणारं या टेकडीवर दुसरं काही नाही. तर कृपा करून ये आणि वळणापलीकडे, जिथे आता बादली आहे, तिथे बस. पिवळी छत्री उघड. आणि जे तोंडाला येईल ते बोल, अजिबात आवरू नकोस. डॉक्टरांना दातांवरून बोललीस तरी चालेल, मी त्यांची समजूत काढलीय. फक्त खुर्ची वाटेवरून हातभर बाजूला ठेव आणि लोकर घरी ठेवून ये. तुफान ब्रेक दाबायचा प्रयत्न करीन असं म्हणालीय, पण प्रयत्नच म्हणालीय.

ता. क. ३. वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. लहानपणी गल्लीत सगळ्या पोरांचे बाप मागून सीट धरून पळायचे. माझ्या मागे कुणीच नसायचं. तू गल्लीच्या टोकाला हात पसरून उभी असायचीस आणि ओरडायचीस, चाकाकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ की मेल्या! जी विद्या मी माझी म्हणून शिकवतोय ती एवढीच आहे, आणि ती शिकवणारीला मी घरी बस म्हणालो. चुकलं माझं. हे समोर उभं राहून म्हणायला हवं होतं, पण फोनवर मी राँग नंबर आहे.

ता. क. ४. चौघं खाली आली की लगेच उठून डबा वाटायला लागू नकोस. सगळ्यात शेवटी मी येणार आहे. तोवर छत्री मिटू नकोस.