नवरदेवाच्या गाडीचा बंपर

देऊळघाट,
ज्येष्ठ वद्य नवमी

प्रिय लक्ष्मीकांत,

तुमची गाडी सुखरूप आहे, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. इंजिन चालतं, चारी चाकांत हवा आहे, टप उघडतो आणि मिटतोही. राहता राहिला पुढचा बंपर. सिंधूच्या लग्नासाठी तुम्ही गाडी दिलीत, तेव्हा तिच्या तोंडावर चांगला लखलखीत लोखंडी बंपर होता. सध्या तिथे जे आहे ते पाहून हसू आलं तर खुशाल हसा, पण आमच्या बाबांच्या देखत नको.

लग्न छान झालं. सिंधू मेहकरला रुळली आहे. तिचं पत्र आलं, की नारायणराव दुपारी दुकानातून घरी येतात आणि तिच्या हातची भाकरी मुकाट्याने खातात. माझ्या बहिणीची भाकरी मी खाल्लेली आहे, त्यामुळे माणूस चांगला मिळाला यात मला शंका नाही. त्रास झाला तो मलाच. धाकटीचं आधी झालं म्हणून गावच्या बायकांनी विचारून विचारून पिच्छा पुरवला. शेजारची बनाबाई तर भर मांडवात म्हणाली, "कोकिळे, तू काऊन मागं राह्यली वं? कोणाची वाट पाहून राह्यली?" तिला काय सांगू? फाल्गुनात नांदुऱ्याच्या स्टेशनवर एका इंजिनिअरने मला लग्नाचं विचारलं, मी 'बाबांना सांगते' म्हणून घरी आले आणि अजून सांगतेच आहे, असं सांगू?

तुमच्या आईंचा होकार आहे हे तुम्ही कळवलंत. मला उशीर लागला तरी कधी टोचून बोलला नाहीत. इकडे बाबांपुढे विषय काढायचं मात्र माझं धाडस होईना. विहिरीवरच्या मोटरला वीज जोडून द्यायला तुम्ही आलात, तेव्हापासून बाबा तुम्हाला 'आपले साहेब' म्हणतात. पण साहेब निराळा आणि जावई निराळा. तुमची जात वेगळी, घर गावातलं नाही, शेत नाही. तेवढ्यावरून बाबा नाही म्हणाले असते, तर पुन्हा विचारायची सोय राहिली नसती. शब्द ओठांवर यायचे आणि मी उठून शाळेच्या वह्या तपासायला बसायची.

तर बंपर. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांना हुक्की आली, की गाडी आपण स्वतः चालवून पाहावी. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला एवढीशी गाडी म्हणजे काय, असा त्यांचा हिशेब. तुमची गाडी जरा पाय दाबला की सशासारखी उडी मारते, हे कोणी सांगितलं नव्हतं. ती थेट गोठ्याच्या दगडी खांबाला भिडली. बंपर मधोमध मुडपून खाली आला. लग्नसराईत एकही लोहार हातचं काम टाकायला तयार होईना. माझा भाऊ उत्तम म्हणाला, बंपर नसला तर बिघडलं काय? बाबा उसळले, "दुसऱ्याची गाडी हाये बे! नाकाबिगर नवरदेवापुढं उभी करू काय?"

मग त्यांनी विहिरीसाठी आणलेल्या नव्या प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा कापला, चुलीवर दोन्ही टोकं मऊ करून छान बाक दिला आणि काळा ऑइलपेंट फासून तारेने बांधला. दुरून कोणी ओळखलं नसतं. आमच्या माणसांची कमाल बघा. पाइप धगीने वाकतो हे ज्यांनी स्वतःच्या हाताने केलं, त्यांना वैशाखातलं ऊन ही धगच असते हे सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी मुलांना विज्ञान शिकवते.

नवरदेव मारोतीच्या पाराशी उतरला, उत्तमने गाडी उन्हातच उभी केली आणि तिथेच नेमके नवरदेवाचे मामा महादेवराव रुसले. टॉवेल-टोपी आधी मामाला द्यायची, ती चुकून काकांना दिली गेली. झालं! मामा पारावर मांडी ठोकून बसले. भाचा उठेना, वाजंत्री गप्प, मुहूर्त जवळ येत चाललेला. बाबा हात जोडून उभे होते. दोन टोप्या पुढे केल्या, नारळ दिला, तरी मामा दुसरीकडेच बघत होते. समोरच्या मांडवातून मला बाबांचा चेहरा बघवेना, म्हणून मी मान फिरवली, आणि गाडीकडे लक्ष गेलं.

गाडीच्या काळ्या पत्र्यावरून उठणारी झळ डोळ्यांना दिसत होती. झेंडूच्या माळेच्या भाराने तो पाइप मधून पोट सोडल्यासारखा खाली येत चालला होता आणि टोकं वर चढत होती. मला काय झालं ते सांगता येत नाही. मांडवात सिंधूजवळ थांबायचं सोडून मी धावले. माळ ओढून काढली. जवळच्या रांजणातलं पाणी ओतलं, आणि नव्या पातळाचा पदर दोन्ही हातांनी ताणून त्या पाइपावर सावली धरून उभी राहिले. अख्ख्या वऱ्हाडासमोर. डोळ्यांत पाणी आलं होतं. तुमची गाडी, तुम्ही विश्वासाने दिलेली, आणि आम्ही तिचं हे करून ठेवलं, एवढंच डोक्यात होतं. पाइप मात्र माझं ऐकायला तयार नव्हता. तो सावकाश खाली लोंबला आणि मातीला टेकला.

महादेवराव पारावरून बघत होते. एकदम खो खो हसत सुटले. "अरे, हे गाडी तं माह्यापेक्षाबी जास्त रुसली! उठा बे, हिच्यापुढं आपलं काय चालते!" आणि स्वतःच भाच्याचा हात धरून चालू लागले. वाजंत्री सुरू झाली, अक्षता वेळेवर पडल्या. पुढे जेवणं होईपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तुमचीच गाडी. बाबा हसले नाहीत. ते सारखे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, चारचौघांत पदराचा तमाशा केला म्हणून रागावले आहेत.

नंतरही ते काही बोलले नाहीत. गाडी कडुनिंबाखाली आणली. रोज दुपारी ओली पोती तिच्यावर टाकतात, सावली सरकली की उत्तमला हाक मारून गाडीही सरकवतात. खरा बंपर बुलढाण्याहून सरळ करून आणला आहे, पण तो लावू देत नाहीत. म्हणतात, "आपण काय केलं ते साहेबानं आधी डोयानं पाह्यलं पाह्यजे. मंग लावू."

काल रात्री जेवताना मात्र बोलले. येत्या आठवड्यात धोंड्याचा महिना लागतो, तेव्हा नारायणरावांना जेवायला बोलवायची गोष्ट मायने काढली. बाबा म्हणाले, "जावयाची दोन ताटं मांडजो." मायला वाटलं, ते चुकून बोलले. ती म्हणाली, "आपल्याले जावई एकच हाये." त्यावर भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सख्ख्या बहिणीचं लग्न सोडून पोरगी गाडीवर पदर धरते, ते काय गाडीसाठी? लोकं बोलतीन. बोलू दे. नांदुऱ्याले लिही वं कोकिळे, साहेबाले म्हणा आईले घेऊन या." माय रडली, मीही रडले, आणि बाबा आम्हा दोघींवर ओरडले, की भाजी थंड होऊन राह्यली. म्हणून हे पत्र. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर हो आहे, तेव्हाही होतं. सोमवारच्या पहिल्या गाडीने या. धोंड्याच्या पुरणाला मी डाळ भिजत घालते.

तुमचीच, हे आता बाबांच्या परवानगीने लिहिणारी,
कोकिळा