अर्धं बटण

नारीन,
२४ जानेवारी २००८

प्रिय एर्मेक,

सायबेरियातली थंडी आपल्यापेक्षा कोरडी असते म्हणतात, तेव्हा छाती झाकून ठेवत असशील असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे, गुडघे सोडून. तुझी चोल्पोन आणि बेकतुर आमच्याकडेच आहेत. तुझ्या लेकाला दाढा आल्यात आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचं एकेकदा चावून झालंय. नदी दोन्ही काठांनी गोठली आहे, मधोमध अजून वाहते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन आईच्या हातात गेला की परत येत नाही. शिवाय मला जे सांगायचंय ते तोंडाने निघत नाही.

आधी हे लिहितो. फोटो मोठे करायचा एन्लार्जर दुधाच्या कॅनपासून मी केला, भिंग जुन्या दुर्बिणीचं. फोटो सुकवायचा ड्रम मोडक्या धुलाईयंत्रातून काढून मी केला. तुटक्या स्कीची तिवई मी केली. डार्करूमच्या दाराला लोकरीचा नमदा मी ठोकला, त्यातून टाचणीएवढा उजेड आत येत नाही. मागचा पडदाही मी रंगवला, सोन-कुल तलाव आणि काठाला चरणारे घोडे; एका घोड्याचा मागचा पाय चुकलाय, पण माणसं उभी राहिली की तो झाकला जातो. शिकवायला कोणी नव्हतं. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिलं. पुढचं वाचताना ते लिहिणारा माणूस तुझ्या डोळ्यांसमोर असावा म्हणून.

आता तुझा कॅमेरा.

गेल्या उन्हाळ्यात बिश्केकहून आलास तेव्हा तू तो माझ्या तळहातावर ठेवलास. साबणाच्या वडीएवढा. म्हणालास, "दादा, स्वस्तातला आहे. असल्या कॅमेऱ्यावर इथे धंदा उभा राहील का, तेवढं बघून सांग. हो म्हणालास तर शहरातली नोकरी सोडून बाजारातला गाळा घेतो. नाही म्हणालास तर रशिया आहेच." आणि सप्टेंबरात मी तुला कळवलं: खेळणं आहे, याच्या भरवशावर घर चालवू नकोस. त्या ओळीवरून तू रशियाला गेलास.

तपासणी मी कसून केली होती. बाजारातले सेल घालून पहाटे नदीवर गेलो. दहा-बारा फोटोंत सेल मेले. काखेत धरून गरम केले, पुन्हा थोडे चालले. बर्फाच्या शिखरांना कडेने जांभळी किनार येते. फ्लॅश मारला की पुढचा माणूस पिठात लोळल्यासारखा आणि मागचा खोलीतून गायब. उन्हात कॅमेऱ्याच्या पाठीवरची काच काही दाखवत नाही, आपलंच नाक दिसतं. आपल्या लोकांचे वाऱ्याने रापलेले गाल त्यात कलेजीच्या रंगाचे येतात. हे सगळं मी तुला तेव्हा लिहिलं होतं आणि यातला शब्दही आज मागे घेत नाही.

मात्र मी सगळ्यात मोठा दोष लिहिला होता तो उशिराचा. बटण दाबल्यावर हा कॅमेरा विचार करतो, आणि त्याचा विचार होईपर्यंत समोरची गोष्ट होऊन गेलेली असते. त्याला पुरावा म्हणून मी बेकतुरचा दोर दिला होता, पोर चालायला लागलं की पाय बांधून कापतात तो.

तो दिवस तुला चोल्पोनने सांगितला असेल, तिच्या बाजूने. तुला रजा मिळाली नव्हती. तू म्हणालास, दादा, त्याचाच फोटो काढ, चाचणीही होईल आणि मलाही बघायला मिळेल. अंगणात बेकतुरला उभं केलं होतं, दोन्ही पाय काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या पिळाने बांधलेले. फाटकापासून पोरं पळत सुटली. शेजाऱ्यांची मुलगी पहिली आली, वाकली, आईच्या हातातला चाकू घेतला आणि पीळ कापला. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला. फोटोत आलं ते त्या मुलीचं कोपर आणि गवतात पडलेला तुटका दोर. तुझा मुलगा पहिली पावलं टाकून चौकटीबाहेर गेला होता.

"परत बांधा," मी म्हणालो. "मिनिटाचं काम आहे."

आई गुडघे विसरून उठली. "मोकळ्या झालेल्या पोराचे पाय परत बांधू? तुझ्या त्या डबीसाठी?"

"डबी माझी नाही, तुझ्या लाडक्याची आहे."

"मग लाडक्याला सांग, दोर एकदाच सुटतो."

चोल्पोन एवढंच म्हणाली, "राहू द्या भाऊजी. त्यांना मी सांगेन कसा चालला ते." आणि तळलेल्या बोरसोकची परात उचलून आत गेली. त्या संध्याकाळी मी तुला पत्र लिहिलं.

कॅमेरा कपाटात पडून होता. गेल्या महिन्यात तुझ्या वहिनीला, जिपारला, तिने शिवलेल्या पडद्यांचे फोटो एका गिऱ्हाइकाला दाखवायचे होते. मी म्हणालो, तो खेळण्यातला घे. दुपारी स्वयंपाकघरात येऊन बघतो तर ती हसत बसलेली. बेकतुरने पेटीवरून रजयांच्या थप्पीवर उडी मारली होती आणि फोटोत तो हवेत होता. दोन्ही पाय वर, तोंड उघडं, लाळेचा धागासुद्धा स्पष्ट.

"किती वेळा काढलास?"

"एकदाच."

"खोटं."

"मग बाजारातून चोरून आणला असेल."

"बटण कसं दाबलंस ते सांग."

"घाबरत. तुमच्या ताब्यातली वस्तू, मोडली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. बोट नुसतं टेकवलं तर अर्धं आत गेलं. हिरवी चौकट आली, टिक झालं. मग हा उडेपर्यंत थांबले आणि उरलेलं दाबलं. शिलाई यंत्राचं पायडल कुणी एकदम दाबतं का?"

एर्मेक, माझ्या जुन्या रशियन कॅमेऱ्याला अर्धं काही नसतं. भिंग हाताने जुळवायचं, श्वास धरायचा आणि बोट एका दमात तळापर्यंत न्यायचं. बोट मध्येच अडखळलं की फोटो हलला. तुलाही मी तसंच शिकवलं, अडखळलास तर टप्पल मारून. तेच बोट मी या कॅमेऱ्यावर ठेवलं. सोबतची पुस्तिका उघडली नव्हती. आजवर कुठल्या यंत्राने मला पुस्तिकेतून शिकवलेलं नाही.

मग मी सगळं पुन्हा तपासलं. अर्धं बटण आधीच दाबून ठेवलं तर हा कॅमेरा वाट बघत उभा राहतो आणि जवळजवळ त्याच क्षणाला मारतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, आईचा चेहरा त्याने असा काढला की मी तिच्या डाव्या भुवईतला जुना व्रण प्रथमच नीट पाहिला. जवळची वस्तू माझ्या कुठल्याही भिंगापेक्षा चांगली येते. पासपोर्टचे फोटो, बारशी, लग्नं, सगळं झालं असतं. चांगले सेल घेऊन ते खिशात गरम ठेवायचे, एवढीच अट.

सोबत दोन फोटो पाठवतोय, बेकतुर अंगणात चालतोय ते. कुठे छापले विचारशील. त्याच गाळ्यात. नोव्हेंबरात तो जालालाबादच्या एका माणसाने घेतला, फोटो छापायचं यंत्र लावलं. आत उबेला माणसं उभी होती, मी रांगेत. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "काका, छान आलेत. असल्या छोट्या कॅमेऱ्यांवरच आमचं चाललंय." मी पैसे देऊन बाहेर आलो. टोपी आत विसरलो होतो, ती घ्यायला परत गेलो नाही.

इथे थांबलो असतो तर एवढंच ठरलं असतं की मी एका बटणाबाबत चुकलो. जिपारला मी तेवढंच सांगितलंय. ती म्हणाली, "चुकलात तर चुकलात. लिहा त्यांना तसं." तुझं नाव ती अजूनही घेत नाही, दिराचं घ्यायचं नसतं म्हणून, पण त्या वेळी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात तुझं नाव होतं.

त्या दिवशी अंगणात, कॅमेऱ्याच्या काचेवर बेकतुरऐवजी नुसतं कोपर आणि दोर दिसला, तेव्हा मला बरं वाटलं. चोल्पोनचा चेहरा बघून वाईट वाटलं ते नंतर. आधी बरं वाटलं. नाही म्हणायला कारण सापडलं होतं, आणि तेही यंत्राच्या तोंडून.

नदीवर आपण दोघंच बसलो होतो त्या संध्याकाळचं घरात कुणालाच ठाऊक नाही. तू म्हणालास, "विकणं मला येतं, उजेड तुला कळतो. तू नसशील तर मी गाळा घेत नाही." मी म्हणालो, "आधी यंत्र तपासू दे." तेव्हाच मनात आलं होतं: मी गल्ल्यामागे, धाकट्या भावाच्या हातून पगार घेणारा, आणि मागे एन्लार्जर भंगारात. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तू ऐकून घेतलं असतंस, कदाचित हसला असतास, आणि आपण काहीतरी मार्ग काढला असता.

आई रोज विचारते, "त्याला तिकडे कशाने ओढलं रे?" मी म्हणतो, कामाने. आज हे पत्र टाकून आलो की तिला खरं सांगणार आहे.

परत ये असं लिहीत नाही. तुझा करार शरदापर्यंत आहे आणि गाळा गेला. कान झाकून काम कर.

ज्याला तू त्या दुकानात अर्धा वाटा, वर दरमहा आठ हजार सोम देऊ केले होतेस, आणि ज्याने यंत्राच्या आडून नको म्हटलं, तो तुझा दादा,

तोक्तोसून