भिंतीमागचं तिला कसं कळलं

शनि. ११ एप्रिल

यात्रेच्या मांडवात बोललो. सुरुवात अशी केली: "घाटात बैलगाडा पहिला येऊनही पंचांच्या भावकीपायी दुसरे ठरलेल्या माझ्या गाववाल्यांनो!" पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं. उद्याच्या मोबाईल गेमच्या स्पर्धेला पंच नकोत, हे मीच लावून धरलं होतं. जुन्नरच्या सोहेलभाईंनी कॉम्प्युटरवर एआय बसवलंय. प्रत्येकाचा खेळ ते तपासतं, लबाडीचा संशय आला की नावापुढे लाल खूण. लाल म्हणजे बाद. हा नियम माझा. यंत्राला सोयरेधायरे नसतात, म्हणालो. मंडळाचा अध्यक्ष बाळू, त्यानं जागेवर मंजूर केला.

रवि. १२

आम्ही जिंकलो. समोर डिंभ्याचा संघ. बंदुकांचा खेळ. खेळाडू कापडाच्या आडोशाला, गाव मोठ्या स्क्रीनपुढे, माईकवर मी. शेवटी आमची एकटी अर्पिता उरली, धाकट्या भावाची मुलगी. तिनं तिघे टिपले. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी.

आणि लाल खूण तिच्याच नावापुढे! तिघंही भिंतीआड होते. ते दिसायच्या आधीच तिची बंदूक तिकडे वळलेली.

डिंभ्याचा कप्तान: "भिंतीपल्याडचं दिसतंय हिला. अंगात येतं काय रं?" हशा.

मी बाळूकडे पाहिलं. तो म्हणाला, "भाऊ, नियम तुमचाच."

अर्पिता एवढंच म्हणाली, "काका, मी काय नाय केलं." मी माईकची वायर गुंडाळत राहिलो.

सोम. १३

लाल खूण राहिली तर पुण्याच्या पुढच्या फेरीला संघ तिच्याशिवाय जाणार. आणि गावात कायमची 'ती लबाड पोरगी'. आजच पारावर कोणीतरी तसं म्हणालं, मला बघून विषय बदलला.

जुन्नरला गेलो. डिंभ्याचं कोणी भेटलं होतं का, सोहेलभाईंना सरळ विचारलं. भडकले. "पुतणी सापडली म्हणून मशीन खोटं व्हय, सर? दुसऱ्याची पोरगी असती तर मशीनला हार घातला असता तुमी!"

व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लावला. ती वळते, मग माणूस दिसतो. दरवेळी हाच क्रम.

"तिला न दिसणारं ठाऊक व्हतं, एवढंच मशीन सांगतं," सोहेलभाई म्हणाले. "कसं, ते नाय सांगत. बाद तुमच्या नियमानं झाली."

माणूस सरळ वाटतो. की वाटावा असा वागतो?

बुध. १५

आता संशय घरातच. अर्पिताचा मोबाईल मागितला. तिनं मागायच्या आत पासवर्ड सांगितला. चोरटं ॲप नाही, काही नाही. इतकं स्वच्छ? आधीच पुसलं असेल तर? असले विचार मला येतात, याची किळस आली. तरी पुन्हा शोधलं.

धाकटा भाऊ म्हणतो, मोबाईल विकून टाकतो, विषय संपला.

तिनं मोबाईल परत घेताना विचारलं, "काका, तुमाला काय सापडायला पाहिजे व्हतं?"

गुरु. १६

रविवारपासून घसा बसलेलाच. सौ. गुळण्यांचं पाणी देत म्हणाली, "बसंल नाय तर काय. त्या दिवशी अवसरीपर्यंत ऐकू येत व्हतं म्हणं तुमचं. हा इथं लपला, तो तिथं दबा धरून बसलाय, डोळं मिटून खेळलं तरी कळावं."

भांडं हातातच राहिलं.

मोठ्या स्क्रीनवर सगळे खेळाडू दिसत होते. माझ्या माईकचा कर्णा आडोशावरच बांधलेला. डिंभ्याच्या पोरांच्या कानांवर मोठमोठे हेडफोन. अर्पिताचा? धाकटा भाऊ म्हणाला, तो आदल्या दिवशीच बिघडला होता. उघड्या कानांनी खेळली.

तिला गाठलं. "माझं बोलणं ऐकून वळलीस का?"

"साऱ्या गावाला ऐकू येत व्हतं, काका."

हे उत्तर नव्हे. पुन्हा विचारलं. खाली बघून निघून गेली. मला वाचवतेय, की स्वतःला?

आणि मी नेमकं काय बोललो होतो? लेकींच्या हिमतीवरचं सगळं आठवतं. भिंतीबद्दल कधी बोललो, ती वळायच्या आधी की नंतर, काही केल्या आठवत नाही.

शुक्र. १७

सोहेलभाईंना फोन. एआय फक्त खेळाडूच्या मोबाईलचं चित्र बघतं. मांडवातलं ऐकतच नाही. मंडळानं मात्र मोठ्या स्क्रीनचं शूटिंग केलंय, माझ्या आवाजासकट.

बाळू आला. "भाऊ, मिटवू. कप डिंभ्याला देऊ, पोरीचं नाव कुणी काढणार नाय. शूटिंग कशाला उकरताय? तुमचंच नाव जाईल." एवढा कळवळा का? कर्णा आडोशावर बांधला होता त्यानंच. की आता मला सगळ्यांचाच संशय येतो?

मी आधी बोललो असेन, तर दोष माझा आणि मंडळाचा. ती आधी वळली असेल, तर... तर तेही गावासमोरच येऊ दे.

मंडळाच्या संध्याकाळच्या बैठकीत एवढंच बोलायचं, पल्लेदार काही नाही:

मंडळींनो, कप कुणाला द्यायचा ते नंतर. आधी ते शूटिंग मांडवात लावा, आवाज चालू ठेवून.