आत्याच्या नावाचा फिल्टर

नारपोली, भिवंडी
मंगळवार, ३ जून २०२५

ती. सुमतीआत्यास,
सुश्रुतचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पिशवीत गुपचूप हे पत्र ठेवतोय. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला तुझ्या हातात मीच सुई टोचतो, पण हे तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी तुला आणि आमच्याकडे डायलिसिसला येणाऱ्या पूर्णा गावच्या देवेशला मोठ्या छिद्रांचा फिल्टर लिहून दिला. जुन्यातून न निघणारी घाण त्यातून निघते, हृदयाला बरं पडेल अशी आशा. आला एकच, तुझ्या नावाचा. टेक्निशियनने आधी स्वतःच्या आत्याला लावला असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तो देवेशला लावला. तुला तुझा जुना साधाच दर वेळी धुऊन लावत राहिलो. फाइलीत मात्र नवा लिहिला.

काल तुझ्या रक्तातले हृदयाचे आकडे वाढलेले आले. डॉक्टर म्हणाले, नवा फिल्टर लावूनही हे असं, तर सोमवारी अँजिओग्राफी करू. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. आत्या, स्वतःची शिसारी येते गं.

तुझा अपराधी,
सुश्रुत

अकलोली
बुधवार, ४ जून

चि. सुश्रुतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, डॉक्टरांनी दिवसाला मोजून दिलेला अर्धा कप चहा प्यायले आणि मग तुला मनसोक्त शिव्या घातल्या. अरे शहाण्या, देवेशच्या दोन चिमुरड्या मुली मला ठाऊक नाहीत? विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, त्यालाच लाव. ते देणं माझं होतं. चार लोकांत साधू दिसावं म्हणून तू ते परस्पर उरकलंस, त्याचाच मला जास्त राग आहे.

माझी माफी नंतर माग. आधी डॉक्टरांना सांग. मी सांगायला गेले, तर तुझी नोकरी वाचवायला खोटं बोलेन. माझा मला भरवसा नाही.

तब्येतीला जप, मेल्या.
आत्या

नारपोली
शुक्रवार, ६ जून

ती. आत्यास सा. न.

आज राउंडला सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आकडे फिल्टरमुळेच चढले असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण अँजिओग्राफी थांबवू, खरोखर नवा फिल्टर लावू आणि पुन्हा तपासू.

देवेश मशीनवरच होता. त्याने सगळं ऐकलं. तोंड भिंतीकडे फिरवून चार तास तसाच पडून राहिला. त्याचा यात काय दोष होता गं?

उद्यापासून माझ्याऐवजी दुसरी टेक्निशियन, नेत्रा, तुला सुई टोचेल. मला डायलिसिसच्या खोलीत यायची मनाई आहे. राग ओसरला तर लोभ ठेव.

सुश्रुत