सगळ्यात जाड तार

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, ताईला हे काय नवीन खूळ लागलं. तुझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. उजव्या हाताची दोन बोटं सोलली आहेत आणि पेन नेमकं त्याच बोटांत धरावं लागतं. मी गिटार घेतली आहे. हसलीस तरी चालेल. आपण चार महिने बोललो नाही. तुझ्या नवऱ्याने, मास्तरांनी, फोन करू नका असं कळवलं, म्हणून मी केला नाही. खरं तर त्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण हात थेट तिथे जात नाही. म्हणून आधी गिटारीचं सांगते. तू वाचत राहा, मध्येच घडी घालून ठेवून देऊ नकोस, एवढंच.

साधी गिटार नव्हे, बेस गिटार. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चारच, पण एकेक तार कपडे वाळत घालायच्या तारेएवढी जाड. आवाज खाली, खर्जातला. आणून आठ दिवस झाले. दुकानातली सगळ्यात स्वस्त होती, आणि ते लपत नाही. रंग लालसर तपकिरी, आपल्या जुन्या कपाटाला बाबांनी घरीच पॉलिश केलं होतं ना, तसा, दोन ठिकाणी ओघळून वाळलेला. मानेवर धातूच्या पट्ट्या आहेत, त्यांची टोकं धड घासलेली नाहीत. हात वरून खाली सरकवला की तळव्याला ओरखडे येतात. तारा पिळायच्या चार खुंट्यांपैकी एक ढिली आहे, दर दहा मिनिटांनी शब्द फिरवते. मान इतकी लांब की टोकाच्या पट्टीवर बोट ठेवायला माझा हात पुरा ताणावा लागतो, आणि पट्टा खांद्यावर घेऊन उभं राहिलं की भरलेली बादली गळ्यात अडकवल्यासारखं वाटतं. खोक्याला सरसाचा वास होता, तो अजून गेलेला नाही. पहिल्या दिवशी मी ती पलंगावर ठेवली आणि समोर खुर्ची घेऊन बसून राहिले, घरात पाहुणा आलाय आणि काय बोलावं कळत नाही तशी.

आवडली का, असं विचारशील तर मला सांगता येणार नाही. गेले काही महिने आवडलं, नाही आवडलं, असं काही होतच नाही. जेवते, झोपते, कामावर जाते. गरम चहाने जीभ भाजली की दिवसभर ती कशी असते, तसं आत असतं. चव नाही, आणि दुखतही नाही. पण सगळ्यात जाड तार मोकळी सोडून एकदा वाजवली ना, की ती छातीच्या हाडात येते. कानात नंतर. कितीतरी वेळ राहते आणि मग आपणहून संपते. मी ती एकच तार पहिला सगळा दिवस वाजवत होते. दुसरं काही येतही नव्हतं म्हणा.

दुकान माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे, किल्ल्या करणाऱ्याच्या आणि चष्म्यांच्या दुकानाच्या मध्ये. इतकी वर्षं मी त्याकडे मान वळवून पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी बुटात खडा गेला म्हणून काचेला हात टेकून उभी राहिले, तर काच थरथरत होती. आत एकजण बेस वाजवून बघत होता. मग लक्षात आलं की ते मला नुसतं हाताला लागत नाहीये, ऐकूही येतंय. सगळंच्या सगळं. अंदाज करावा लागला नाही, कुणाच्या ओठांकडे बघावं लागलं नाही. मी एका पायात बूट घालून तशीच आत गेले. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने विचारलं, "कुणाला शिकायचंय, मुलाला का?" मी म्हटलं, "मला." बरं एक, हसला नाही. हीच खाली काढून दिली आणि म्हणाला, "शिकायला बरी आहे, पण खोटं सांगत नाही, जाड तार वरच्या पट्ट्यांवर जराशी करकरते." वाजवून दाखवलं. मी म्हटलं, "कुठे करकरते?" त्याने पुन्हा वाजवलं. मी म्हटलं, "मला नाही ऐकू आलं." तो माझ्याकडे बघत राहिला. आणि ठकू, मी त्या अनोळखी माणसाला उभ्या उभ्या सांगून टाकलं की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, तीन वर्षं झाली, आणि मी घरच्या कुणालाही सांगितलेलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मग घेऊन जा. हिची खोड तुम्हाला कळणारच नाही."

आता तुला कळलं. दुकानदाराला आधी आणि तुला नंतर, याचं मला वाईट वाटायला हवं. वाटतही असेल.

छापखान्यात घडीच्या यंत्रावर मला तेवीस वर्षं झाली हे तुला माहीतच आहे. कागदाचा मोठा ताव एका बाजूने आत जातो आणि सोळा पानांची घडी होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, मिनिटाला शंभराच्या वर, आणि प्रत्येक घडीला एक फटका. कानात बोळे घाला असं पाटीवर लिहिलेलं होतं. आम्ही कुणीच घालत नव्हतो. बोळे घातले की यंत्र बिघडतंय हे कळत नाही, अशी आमची अक्कल. आधी पाखरं गेली. मग दारावरची घंटा. मग शब्दांतली अक्षरं गळायला लागली, स, त, च, फ. 'पाच' आणि 'सात' मला एकच झाले, दोन्हींतला 'आ' तेवढा यायचा. तीन महिन्यांपूर्वी मुकादम मागून ओरडत होते आणि मी जागची हलले नाही. कागदाने भरलेली ढकलगाडी थेट पिंढरीवर आली. काळानिळा पाय घेऊन मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे एका छोट्या खोलीत बसवतात, कानांवर झाकणं घालतात, आवाज आला की बटण दाबा म्हणतात. सुरुवातीला मी पटापट बटण दाबलं. मग काही येईना, म्हणून पुढचं कधी सुरू होतंय याची वाट बघत बसले. बाईंनी दार उघडलं तेव्हा कळलं, तपासणी संपली होती. त्यांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडे ती छान वर होती, मग कुणी जिना उतरावा तशी खाली खाली गेलेली. म्हणाल्या, खालचे आवाज तुमचे शाबूत आहेत, वरचे गेले ते आता यायचे नाहीत. मी विचारलं, "पुढच्या वेळी कधी येऊ?" त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. ऐकू आलं होतं. दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता मी यंत्रावर नाही. मालकांनी वरच्या मजल्यावर तपासणीत बसवलंय, छापलेली पानं बघते, उलटी लागलेली बाजूला काढते. कानात यंत्र बसवलंय. समोर बसलेलं एक माणूस सावकाश बोललं तर भागतं. फोनवर नाही.

तुला आठवणार नाही, पण तू बोलायला फार उशिरा लागलीस. तीन वर्षांची झालीस तरी अर्धेच शब्द यायचे. आई दोन दोन पाळ्या करायची, तू दिवसभर माझ्या कडेवर. मी चौदा-पंधरा वर्षांची. बाबा तुला काही विचारायचे, तू 'आ' म्हणायचीस, आणि बाबा माझ्याकडे बघायचे. मी सांगायचे, पाणी नकोय तिला, खिडकीत बसायचंय. शेजारणी म्हणायच्या, पोरीला दुभाषा मिळालाय. मला त्याचा तोरा होता. तुझं सगळं मला शब्दांशिवाय कळतं, हा तोरा मी पुढे कधी उतरवलाच नाही. कान गेले तरी ठकूचं काय अडणार आहे, असं वाटायचं. त्या घमेंडीवर मी तीन वर्षं तुझ्याशी दर रविवारी फोनवर बोलले. तुझ्या आवाजाची चाल मला यायची. चाल चढली की 'अगं बाई!' म्हणायचं, उतरली की 'होतं असं' म्हणायचं, लांबली की 'मग पुढे?' इतर वेळी 'हो ना'. तू एकदा म्हणालीस, ताई, तुझ्याइतकं नीट कुणी ऐकून घेत नाही. ते नेमकं मला अक्षर न अक्षर ऐकू आलं.

पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली तेही सांगते. माझ्या खाली एक निवृत्त शिंपी राहतात, एकटेच, अंगावर कपडे मात्र नेहमी बेतून शिवलेले. गिटार आणल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी दाराखालून एक चिठ्ठी आत आली. ते दार वाजवून वाजवून थकले होते म्हणे. लिहिलं होतं, 'बाई, आपल्याकडे काही बिघडलं आहे का? आमच्या कपाटातल्या कपबश्या वाजत आहेत.' मी खाली लिहिलं, 'बिघडलेलं नाही. शिकते आहे. ऐकू कमी येतं, म्हणून दार उघडलं नाही, माफ करा.' आणि त्यांच्या दाराखालून सरकवून आले. पुन्हा उत्तर आलं, 'पाच ते सहा वाजवावं, त्या वेळेत मी फिरायला जातो. पण रोज एकच सूर का?' मी लिहिलं, 'तेवढाच येतो.' मग एका संध्याकाळी लिहून पाठवलं त्यांनी, 'आज दोन ऐकले. प्रगती आहे.' म्हणजे फिरायला गेले नव्हते. ती चिठ्ठी वाचून मला हसू आलं, गालाला जरा ताण पडल्यासारखं झालं. आणि वाटलं, एका अक्षराचाही अंदाज न करता मी इतके दिवस एका माणसाशी बोलते आहे. मग कागद घेतला आणि तुझं नाव लिहिलं. त्याला तीन दिवस झाले. नावाच्या पुढे आज गेले.

तो रविवार. तुला पाचवा महिना होता. आधीच्या रविवारी तू म्हणाली होतीस, आता कधीही बाळ हलेल म्हणतात. हे मी दोनदा विचारून पक्कं करून घेतलं होतं, आणि आठवडाभर माझ्या डोक्यात तेवढंच होतं. तुझा फोन आला. 'ताई' आलं. 'बाळ' आलं. मग नुसता श्वास, आणि शेवटचं 'लं'. हललं, असं मी धरून चालले. मी म्हणाले, "अगं मग! आता बघ, रोजच होणार हे, सवय करून घे!" तू काहीतरी बोललीस. मी म्हणाले, "गोड बातमी दिलीस, मास्तरांना म्हणावं आता पेढे आणा." मग फोन बंद झाला. मला वाटलं, तिकडून तुटला. दोन रविवार तू उचलला नाहीस, तेव्हा वाटलं, दमत असेल. विसाव्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, 'बाळ गेलं त्याला आज वीस दिवस झाले. तुम्ही तिला जे बोललात ते ती विसरू शकत नाही. कृपया फोन करू नका.' मी तो यंत्रापाशी उभी राहून वाचला आणि मग पाळी संपेपर्यंत काम केलं. त्यानंतर एकदा तुमच्या गल्लीत येऊन गेले. तू गॅलरीत चादर झटकत होतीस. वर येऊन काय सांगणार होते? ऐकू येत नाही म्हणाले असते तर तुला ती सबब वाटली असती. तुझ्या लेखी तीन वर्षं तर मी सगळं ऐकत होते. पण आता तपासणीचा कागद आहे, त्याची प्रत सोबत घातली आहे. रागावायचं असेल तर राग धर, तो तुझाच आहे, पण खऱ्या गोष्टीवर धर. त्या दिवशी तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नव्हतं, ठकू. मला फक्त तुझा आवाज येत होता, तुटत तुटत, आणि मला वाटलं, तू हसते आहेस. म्हणून मीही हसले.

तुझीच,
ताई